हद्द आली, उतरा

राऊळांच्या मोटारसायकलवर मी पहिल्यांदा बसलो तो एका लग्नाला जायला. आम्ही दोघं ठाण्याच्या कोपरीत एकाच इमारतीत राहतो आणि लग्न होतं डोंबिवलीला. शीळ फाटा मागे पडला होता. नवा सफारी घालून, अहेराचं पाकीट छातीशी धरून मी मागे बसलो होतो आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीविषयी माझे विचार त्यांच्या कानात ओतत होतो. इतक्यात राऊळांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मान न वळवता म्हणाले, "हद्द आली, उतरा."

मी घाईघाईने उतरलो तो थेट गटारात. एक पाय घोट्यापर्यंत आत, एक पाय रस्त्यावर, पाकीट दातांत.

समोर एक पाटी होती. आमची महापालिका तिथे संपत होती आणि कल्याण-डोंबिवलीची सुरू होत होती. राऊळांनी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि ती चालती, धडधाकट, निम्मी टाकी भरलेली मोटारसायकल हातांनी ढकलत पाटीपलीकडे नेली. वीस-पंचवीस पावलं. मागून टेम्पोवाले हॉर्नवर हॉर्न मारत होते. पलीकडे गेल्यावर त्यांनी हेल्मेट घातलं, किक मारली आणि म्हणाले, "बसा. पुढचा थांबा डोंबिवली."

"राऊळ, हे काय होतं?"

"हद्द," ते म्हणाले. आणि गिअर टाकला.

लग्नात मी एक पाय मागे लपवून उभा होतो. वधूपित्याला वाटलं, मला लकवा मारलाय. त्याने मला खुर्ची दिली, आइस्क्रीम जागेवर आणून दिलं. मी नाही म्हटलं नाही.

राऊळ खोपटच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे त्या खोक्याएवढ्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते कर्ण्यातून सांगणारे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण कर्णा त्यांच्या घशातच राहिला. मी त्यांच्याकडे गेलो की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "चहा फलाट क्रमांक एकवर लागत आहे." आजारी पडले तर म्हणतात, "तांत्रिक बिघाड." लग्न त्यांनी केलं नाही. का, असं माझ्या बायकोने एकदा सरळच विचारलं. ते म्हणाले, "ती फेरी रद्द झाली, वहिनी." पुढे विचारायची सोयच ठेवली नाही.

रोज घरातून बाहेर पडताना ते एका छोट्या डायरीत सुटण्याची वेळ लिहितात, परत आले की पोहोचण्याची. दूध आणायला गेले तरी लिहितात. आणि वेळ म्हणजे वेळ. सोसायटीची सभा सहाला असेल तर सहाला सुरू. एकदा सेक्रेटरी सहा वाजून पाच मिनिटांनी आला, तोवर राऊळांनी एकट्यानेच सभा सुरू करून दोन ठराव मांडले आणि मंजूरही केले होते. त्यातला एक सेक्रेटरीच्या अभिनंदनाचा होता.

अख्ख्या नोकरीत त्यांनी कुणासाठी गाडी एक मिनिटही थांबवून धरली नाही. याचा त्यांना अभिमान. "माझी सख्खी मावशी धावत येत होती," त्यांनी मला सांगितलं, "दोन पिशव्या, एक कोंबडी. मला दिसत होती. मी गाडी सोडली."

"अहो, मावशी ना!"

"गाडी थांबवली की आत बसलेल्या पन्नास माणसांचा अपमान होतो, पाटणकर. वेळेवर येणं हा त्यांचा गुन्हा आहे का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या मावशीकडे होतं, पण ती नंतर त्यांच्याशी बोललीच नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा मला नुसती विचित्र वाटली होती. डोंबिवलीला गेलं की राऊळ एका ठरावीक इमारतीसमोर थांबायचे आणि गाडीचा प्लग काढून पुसायचे. प्लग स्वच्छ असायचा. ते पुसायचे, वर बघायचे, पुन्हा पुसायचे. वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कुणीतरी एक निळं हेल्मेट उलटं टांगून त्यात पुदिना लावला होता. मी म्हटलं, "काय डोकं चालवलंय बघा." राऊळ म्हणाले, "पाणी जास्त घालतो. मुळं कुजतील." कोण घालतो, ते मी विचारलं नाही. मला तेव्हा भूक लागली होती.

गेल्या जानेवारीत ते वर माझ्याकडे आले. बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "पाटणकर, पासपोर्ट आहे?"

"नाही हो."

"लागत नाही. नेपाळ. मोटारसायकलवरून. फेब्रुवारीत सुटायचं."

मी हसलो. ते हसले नाहीत. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, मार्चअखेर तिचं पासिंग संपणार होतं. त्याआधी तिला एकदा देशाची हद्द पार करून आणायची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. "मार्गस्थ व्हायची तारीख ठरली आहे," ते म्हणाले. "मागची सीट रिकामी आहे. येणार असाल तर हो म्हणा, नसाल तर तसं सांगा. ताटकळत ठेवू नका."

माझ्या बायकोने पोळी लाटता लाटता सांगितलं, "यांना तुम्ही नेपाळला नेताय? काल कोथिंबीर आणायला पाठवलं तर मेथी घेऊन आले, आणि वर म्हणतात, भाजीवाल्याचं चुकलं."

हे ती बोलली नसती तर मी नाही म्हणालो असतो. पण आता प्रश्न इभ्रतीचा होता. मी हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, 'लवकरच आंतरराष्ट्रीय मोटारसायकल मोहिमेवर.' बासष्ट अंगठे आले. परतीचे दोर मी माझ्याच हाताने, माझ्याच मोबाइलवरून कापले.

कागदपत्रं माझ्याकडे आली. "तुम्ही बँकेतले," राऊळ म्हणाले. खरंच होतं. चौतीस वर्षं मी कर्ज विभागात बसून लोकांचे कागद तपासले. मी प्रत्येक कागदाच्या पाच पाच झेरॉक्स काढल्या. आरसीच्या कार्डावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर भिंग लावून गाडीवरच्या आकड्यांशी पडताळला. सगळं प्लास्टिकच्या पाकिटात घालून बनियनच्या आतल्या खिशात ठेवलं. त्या कार्डावर आणखी काय लिहिलं होतं ते वाचायचं मला सुचलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्यावरून बरंच ऐकावं लागलं.

कोपरीहून आम्ही सहाला सुटलो. सहाच्या ठोक्याला. खाडीपुलावर पहिली हद्द आली, मी उतरलो.

मग भिवंडीची. मग जिल्ह्याची. मग नाशिक शहराची. हळूहळू माझ्या लक्षात आलं की आपल्या या विशाल देशात हद्दी फार आहेत. सपाटीवर ठीक, पण एका घाटात हद्द चढावर होती. राऊळ पुढून ओढत होते, मी मागून ढकलत होतो, आणि एका ट्रकचा क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन विचारत होता, "काका, चालू करून बघितली का?"

लोक फार चांगले असतात, हे मला या प्रवासात कळलं, आणि त्याचा मला त्रासही झाला. जिथे उतरू तिथे कुणी ना कुणी पेट्रोलची बाटली घेऊन धावत यायचं. राऊळ काही सांगायचे नाहीत. त्यांचा चेहरा मावशी आणि कोंबडी दिसत असताना झाला असेल तसा व्हायचा. मग खुलासा करायची जबाबदारी माझ्यावर. मी पहिल्या दिवशी सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. दुसऱ्या दिवशी सांगितलं, पैज आहे. मध्य प्रदेशात शिरताना दोन पोलीस आमच्याकडे संशयाने बघायला लागले, तेव्हा घाबरून मी म्हटलं, "मन्नत है, साब." झालं. जवळच्या हॉटेलवाल्याने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि राऊळांच्या पाया पडला. राऊळांनी त्याला शांतपणे आशीर्वाद दिला, "वेळेवर पोहोचा."

झाशीच्या पुढे सहा-सात पोरांनी आमच्या हातून गाडी काढूनच घेतली आणि उत्साहाच्या भरात अर्धा किलोमीटर ढकलत नेली. हद्द पन्नास पावलांवर संपली होती. आम्ही मागून धावत होतो. मी ओरडत होतो, "बस, बस!" आणि ते समजत होते, मी त्यांना शाबासकी देतोय.

असे आठ दिवस गेले. माझी कंबर, माझे गुडघे आणि माझा ग्रुपवरचा रोजचा वृत्तान्त, तिन्ही थकत चालले होते. राऊळांवर मात्र काही परिणाम नव्हता. रोज पाचला उठायचे, प्लग पुसायचे, डायरीत वेळ लिहायचे. एकदाही म्हणाले नाहीत की दमलो. एकदाही म्हणाले नाहीत की मजा येतेय. जणू कुणीतरी त्यांना कर्ण्यावरून ही फेरी नेमून दिली होती.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही सोनौलीला पोहोचलो. रस्त्याच्या शेवटी कमान, कमानीपलीकडे नेपाळ. ट्रकांची रांग, रिक्षांची गर्दी, धूळ. पायी जाणाऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं. गाडीसाठी मात्र पलीकडच्या कस्टमच्या कचेरीतून परवाना आणायचा होता. राऊळांनी गाडी कमानीच्या अलीकडे पिंपळाखाली लावली. "कागद तुमचे," ते म्हणाले.

मी छाती पुढे काढून कमानीखालून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा परदेशात पाऊल ठेवलं ते झेरॉक्सचा गठ्ठा काखेत मारून.

खिडकीतला माणूस सभ्य होता. त्याने आरसीचं कार्ड हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं.

"मुकुंद बापट आप हैं?"

"नहीं, मैं पाटणकर."

"तो बापटजी गाड़ी के पास खड़े हैं?"

"नहीं नहीं, वो राऊळ हैं."

त्याने कार्ड माझ्यासमोर धरलं. चौतीस वर्षं जी ओळ मी सगळ्यात आधी वाचायचो, ती ओळ. मालकाचं नाव, मुकुंद बापट.

"तो बापटजी किधर हैं?"

"मैं पूछ के आता हूँ," मी म्हटलं, आणि चार मिनिटांत मायदेशी परतलो.

राऊळ प्लग पुसत होते.

"राऊळ, हा मुकुंद बापट कोण?"

त्यांचा हात थांबला. "मालक," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"चालक."

"अहो, ते म्हणतात मालकाचं पत्र लागेल. ना हरकत. सहीचं. त्याच्या ओळखपत्रासकट. फोटो पाठवला तरी चालेल म्हणतात."

हे ऐकायलाच थांबल्यासारखा एक इसम पिंपळामागून पुढे आला आणि हळूच म्हणाला, "पाँच सौ दीजिए, मालिक ही हाज़िर कर देता हूँ." राऊळांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पुन्हा पिंपळामागे गेला.

मग राऊळांनी प्लग जागेवर बसवला, हात पुसले आणि मला जे सांगितलं ते कर्ण्यातल्या आवाजात नव्हतं.

बापट आणि ते शाळेपासूनचे मित्र. बापट डोंबिवलीला गणिताचे मास्तर. दोघांनी मिळून ही गाडी घेतली. कार्डावर नाव एकाचंच येणार म्हणून चिठ्ठी टाकली, ती बापटांची निघाली. गाडी सहा महिने कोपरीत, सहा महिने डोंबिवलीत. आणि पहिल्या दिवसापासून एकच बेत, हिच्यावर बसून दोघांनी एकदा देशाची हद्द ओलांडायची. चार वर्षं रजा जुळली नाही. मग जुळली. अकरा वर्षांपूर्वी, कोपरीहून सकाळी सहाला सुटायचं ठरलं. गाडी तेव्हा राऊळांकडे होती.

"सहा वाजले," राऊळ म्हणाले. "मुकुंदा आला नव्हता."

मला पुढचं कळलं. तरी मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी गाडी सोडली."

"एकटेच?"

"वेळ झाली होती."

पडघ्यापर्यंत गेले. तिथे चहाला थांबले तेव्हा सवयीने दोन चहा सांगितले. दोन कप समोर आले. मग त्यांनी गाडी वळवली. परत आले तर बापट इमारतीखाली उभे, पाठीवर सॅक, डोक्यावर निळं हेल्मेट, हातात स्टीलचा डबा. चाळीस मिनिटं उशीर झाला होता. कारण ते आधी डोंबिवलीहून उलट्या दिशेला, कल्याणपलीकडे मोहन्याला गेले होते. मोहन्याला राऊळांची थोरली बहीण राहते, शालूताई. तिने प्रवासासाठी गुळातले खडखडे लाडू केले होते. राऊळांना फार आवडतात म्हणून.

"मला ठाऊक नव्हतं," राऊळ म्हणाले. मग म्हणाले, "ठाऊक असतं तरी सोडली असती. तेव्हा."

बापटांनी भांडण केलं नाही. डबा गाडीच्या सीटवर ठेवला आणि म्हणाले, "गाडी ठेव तुझ्याकडे. पण नाव माझं आहे. मी मागे नसताना या गाडीवर बसून एकही हद्द ओलांडायची नाही." आणि गेले. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही.

मी त्या मोटारसायकलकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्यांकडे.

"म्हणून तुम्ही अकरा वर्षं ढकलताय?"

"बसून नाही, असं म्हणाला होता. गणिताचा मास्तर आहे. शब्द मोजून वापरतो."

"आणि डबा?"

"आठ दिवस उघडला नाही. मग उघडला. चौदा लाडू होते. दोघांना रोज एक एक धरून सात दिवसांचे."

ते उठले. "ही फेरी रद्द, पाटणकर. मागे फिरू."

माझ्या डोळ्यांसमोर बासष्ट अंगठे खाली झुकले. खोटं कशाला बोलू, पहिला विचार मी माझ्या अब्रूचाच केला. "फोन करा त्यांना," मी म्हटलं.

"नंबर नाही."

"शोधू."

"नाही म्हणतोय ना. मालकाची हरकत असेल तर गाडी सुटत नाही. नियम आहे." आणि ते पाणी प्यायला हातपंपावर गेले. डायरी सीटवरच राहिली.

दुसऱ्याची डायरी वाचू नये, हे मला कळतं. मी वाचली. पहिल्याच पानावर, नाव, पत्ता, रक्तगट, आणि खाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, 'अपघात झाल्यास कळवावे: मुकुंद बापट, डोंबिवली.' पुढे मोबाइल नंबर. डायरी यंदाची होती.

ते परत आले तेव्हा मी ते पान उघडंच धरून उभा होतो. "नंबर नाही म्हणालात."

राऊळांनी डायरी माझ्या हातातून घेतली. ती मिटली. "हा अपघातासाठी आहे," ते म्हणाले.

"मग हा काय आहे?" मी म्हटलं. "दोन म्हातारे, नऊ दिवस, अर्ध्या हिंदुस्थानभर मोटारसायकल ढकलत आणलीय. याहून मोठा अपघात कुठला व्हायचाय?"

ते हसले नाहीत. पण त्यांनी फोन काढला. राऊळ फोन कानाला लावत नाहीत, ध्वनिक्षेपकासारखा तोंडासमोर धरतात. त्यामुळे पलीकडचं सगळं आसपासच्यांना ऐकू येतं. पिंपळामागचा इसमही ऐकत होता.

"हॅलो, कोण?"

"राऊळ बोलतोय." मग, काही सुचेना म्हणून, "निवृत्त वाहतूक नियंत्रक, खोपट."

पलीकडून कुकरची एक शिट्टी ऐकू आली.

"कुठून?"

"सोनौली. नेपाळची हद्द."

"गाडीवर?"

"हो."

"बसून?"

"नाही. प्रत्येक हद्दीला उतरलो. ढकलत आणली."

"किती हद्दी?"

"एक्केचाळीस."

"अंत्या," पलीकडचा आवाज म्हणाला, "गाढवा."

राऊळांचं नाव अनंत आहे हे मला माहीत होतं. त्यांना अंत्या म्हणणारं कुणी या जगात असेल असं वाटलं नव्हतं.

"पत्र पाहिजे होतं," राऊळ म्हणाले. "ना हरकत."

"मिळणार नाही. माझी हरकत आहे."

"बरं," राऊळ म्हणाले आणि फोन खाली घेऊ लागले.

"अरे ठेवू नकोस! पत्र कशाला पाठवू? मीच येतो. मालक समोर उभा राहिला की झालं ना? परवा सकाळी दहापर्यंत पोहोचतो. गोरखपूरला उतरून पुढे बस." मग आवाज जरा खाली आला. "थांबशील का? ते सांग आधी."

मी राऊळांकडे पाहत होतो. सख्ख्या मावशीसाठी न थांबलेला माणूस.

"ये," ते म्हणाले. "मी थांबतंय."

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांच्या तोंडून त्यांच्या गावची, कुडाळकडची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

तिसऱ्या दिवशी नऊपासून आम्ही बस थांबतात तिथे उभे होतो. राऊळांनी शर्टाला इस्त्री करून घेतली होती. दहा वाजले. बस आली, माणसं उतरली, बापट नव्हते. अकरा वाजले. बारा. प्रत्येक बस आली की राऊळ दारापाशी जायचे, शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघायचे, परत यायचे आणि घड्याळ बघायचे. मला आतून भीती वाटायला लागली. बापट येणार नाहीत याची नव्हे. राऊळ किक मारतील याची.

"फोन करू का?" मी म्हटलं.

"नको. थांबायचं तर विचारत बसायचं नाही."

एक वाजता त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मग ते मनगटावरून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तुमच्याकडे ठेवा," ते म्हणाले. "मला सारखं दिसतंय."

मी जेवून आलो. ते जेवले नाहीत. मी चहा पिऊन आलो. ते उभेच.

साडेतीनला आलेल्या बसमधून सगळ्यात शेवटी एक किडकिडीत गृहस्थ उतरले. जाड भिंगाचा चष्मा, पाठीवर सॅक, डोक्यावर निळं हेल्मेट. हेल्मेट धुतलेलं होतं, पण पट्ट्याच्या खाचेत माती तशीच होती आणि जवळ आले तेव्हा पुदिन्याचा वास आला. हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता.

दोघं समोरासमोर उभे राहिले. मला वाटलं, मिठी मारतील. आमच्याकडची माणसं, कसली मारतायत.

"उशीर झाला," बापट म्हणाले. "मोहन्याला गेलो होतो. शालूताई म्हणाली थांब, पाक व्हायचाय. मग ठरलेली गाडी चुकली, मागची धरली."

राऊळांनी डब्याकडे पाहिलं. घसा साफ केला. मला वाटलं, आता कर्णा वाजणार. पण आवाज अगदी लहान निघाला.

"गाडी थांबवून ठेवली आहे," ते म्हणाले.

मालक प्रत्यक्ष हजर झाल्यावर खिडकीतल्या माणसाने काही अडवलं नाही. परवाना मिळाला. मागची सीट अर्थातच आता माझी नव्हती. मी दोन सॅक, एक पिशवी आणि लाडवांचा डबा घेऊन चालत मागून यायचं ठरलं.

राऊळांनी किक मारली. बापट मागे बसले. कमान जवळ आली तसा राऊळांनी सवयीने वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि एक पाय उचलला.

बापटांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं. "बस रे," ते म्हणाले. "मी आहे."

राऊळांनी पाय पुन्हा पायदानावर ठेवला. किक मारली. आणि कमानीखालून गेले, बसून.

मी "अहो, थांबा!" म्हणून ओरडलो. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. डबा सांभाळत मी ट्रकांमधून वाट काढत होतो आणि खिशात राऊळांचं घड्याळ टिकटिकत होतं. त्यांनी ते अजून परत मागितलेलं नाही. डायरीत त्या दिवसाचं पान मी नंतर चोरून पाहिलं. सुटण्याची वेळ लिहिलेली नव्हती.